येताना एक नारळ आणा

पुण्यात अकरा वर्षं मी लोकांना खेळ शिकवायचं काम केलं. मैदानातले खेळ नव्हेत, टेबलावरचे. पुठ्ठ्याचा पट, लाकडी सोंगट्या, पत्ते, फासे असं सगळं एका खोक्यात भरलेलं. एक छोटी कंपनी असे खेळ बनवायची आणि मी ते दुकानात, शाळेच्या जत्रेत, सोसायटीच्या गच्चीवर मांडून बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावायचं, दहा मिनिटांत नियम सांगायचे, एक डाव खेळून दाखवायचा. याला आम्ही डेमो म्हणायचो. या कामाचा एकच कायदा मला पहिल्याच दिवशी शिकवला गेला होता: दाखवणाऱ्याने जिंकायचं नसतं. समोरचा माणूस पहिला डाव हरला तर उठून जातो, जिंकला तर बायकोला हाक मारतो. मी इतक्या सफाईने हरायचे की कुणाला शंका येत नसे. हरणं हा माझ्या पगाराचाच भाग होता.

आई गेली आणि वर्षभराने मी चौलला घरी परत आले. वाडीत नारळ-सुपारी आहे, मागे विहीर आहे, आणि घरात बाबा एकटे होते. त्यांना कंपवात झाला आहे. अलिबागच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी चालणं सुधारलं, पण हात काही थांबेनात. आईच्या बाराव्याला बाबा पंगतीत तूप वाढायला उभे राहिले. हात हलला, तूप पानाबाहेर सांडलं, आणि एका पुतण्याने त्यांच्या हातातून भांडं काढून घेतलं. "राहू द्या काका, तुम्ही बसा," म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला. बाबा जे बसले ते बसलेच. फाटकाची कडी वाजली की उठून माजघरात जायचे. देवळात नाही, लग्नाला नाही, नाक्यावर पेपर आणायलाही नाही. साऱ्या आळीला ज्यांचा आवाज ठाऊक होता तो माणूस माझ्याशीसुद्धा हळू बोलायला लागला. मला मनातून भीती वाटायची की असंच चाललं तर बाबा भिंतीवरच्या फोटोत स्वतःहून जाऊन बसतील.

मला उपाय एकच येत होता. मी दुपारी त्यांच्याबरोबर खेळायला बसायचे. कंपनीचा एक नवा खेळ होता, तो जणू आमच्यासाठीच बनवला होता. पटाच्या मधोमध विहीर, चार कोपऱ्यांत चार वाड्या. पाळीपाळीने एकेक लाकडी काडी ठेवत विहिरीपासून आपल्या वाडीपर्यंत पाट न्यायचा. हवं तर दुसऱ्याच्या पाटात आडवी काडी टाकून त्याचं पाणी अडवता येतं. ज्याच्या वाडीत पाणी आधी पोचेल तो जिंकला. बाबांनी उभा जन्म वाडीला पाटाने पाणी पाजण्यात घालवला होता, त्यांना हे समजायला दोन मिनिटं लागली. आणि मी माझ्या धंद्याला जागून रोज हरले. सहा महिन्यांत बाबा एकही डाव हरले नाहीत. पण काड्या बारीक होत्या, एक ठेवताना चार उधळायच्या. मग ते म्हणू लागले, "तूच ठेव माझीही." पुढेपुढे तर बघायचेही नाहीत, नुसते "ठेव कुठेही" म्हणायचे. मला वाटत होतं, मी त्यांना बरं करते आहे.

अशात पुण्याहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. किनाऱ्यावर डेमो कर, दर रविवारी, आम्ही खोकी पाठवतो. पण पर्यटक नकोत. ते सोमवारी परत जातात आणि विसरतात. स्थानिक माणसं खेळायला बसली पाहिजेत. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! तरी मी लगेच हो म्हटलं, आणि जागा ठरवली आमचीच ओटी. लोकांना वाटलं असेल, पोरीने भाडं वाचवलं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबा माणसांत जात नव्हते, तेव्हा माणसं बाबांपर्यंत आणायची होती. ओटी आणि माजघर यांच्यामध्ये एकच दार आहे.

पहिल्या रविवारी चार टेबलं मांडली. नाक्यावर, पिठाच्या गिरणीत, रेवदंड्याच्या एसटी थांब्यावर रंगीत कागद चिकटवून आले होते. चार वाजता फाटकातून आली ती शेजारच्या घरगुती लॉजवर उतरलेली ठाण्याची सहा माणसं. त्यांनी सोंगट्यांचे फोटो काढले, त्यातल्या एकीने आमच्या विहिरीचेही काढले, आणि समुद्रावर सूर्यास्त चुकायला नको म्हणून निघून गेली. गावातला म्हणून एकच गृहस्थ आला. तो फाटकाबाहेरूनच म्हणाला, "पाण्याच्या फिल्टरचा डेमो हितंच हाय काय?" मागे कुणीतरी असाच डेमो लावून अर्ध्या आळीच्या गळ्यात फिल्टर मारले होते आणि त्यांचे नळ महिन्याभरात गळायला लागले होते. हा त्याची तक्रार घेऊन आला होता. मी नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं की वाईट, कळलं नाही. आतून बाबांचा आवाज आला, "माश्या तरी आल्या का?" सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी टोमणा मारला होता. तेवढ्यावर मी तो रविवार वसूल धरला.

दुसऱ्या रविवारी मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. अंगठे आले, नमस्कार आले, कुणी गुलाबाचं फूल पाठवलं, कुणी "छान उपक्रम" लिहिलं. माणूस एक आला नाही. माझं डोकं फिरलं. सोमवारी सकाळी मासळीवाली मावशी पाटी घेऊन दारात बसली तेव्हा मी बोंबील निवडता निवडता सगळा राग तिच्यावर काढला. ही मावशी थेरोंड्याहून येते. माझ्या लहानपणापासून आमच्या घरात तिच्याच हातची मासळी शिजते, त्यामुळे ती काहीही बोलू शकते.

"बाय," ती म्हणाली, "तुजा खेल जिकला तं गावतं काय?"

"काही नाही. मजा."

"आनि हरला तं जातं काय?"

"काहीच नाही."

"मंग त्यो खेल कसला?" तिने कोयत्याने बोंबलाचं डोकं उडवलं. "आमच्या नारली पुनवेला बग. येक नारल हातातून गेला तं मानूस वरीसभर इसरत न्हाय."

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळ लढवतात. एकाने आपला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याने घरी न्यायचा. एका नारळाचं मोल ते किती? आमच्याकडे तर तो वाडीत पडलेला सापडतो. पण हरलेला नारळ दुसऱ्याच्या पिशवीत जाताना बघणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बाबा तरुणपणी या खेळात पटाईत होते. मावशीचा सासरा, कोळीवाड्यातला जुना तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, त्यांच्याकडून वर्षानुवर्षं हरला होता, हेही मला तिनेच त्या सकाळी सांगितलं. पैसे लावून खेळणं म्हणजे जुगार, पण नारळाला कोण काय म्हणणार? मला एकदम रस्ता सापडला. अकरा वर्षं शहरात राहून मला एवढंही सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

शनिवारी मी ग्रुपवर नवा निरोप टाकला. आधीचा निरोप लांबलचक होता आणि कुणी वाचला नसणार, म्हणून हा मुद्दाम आटोपशीर लिहिला: "उद्या रविवारी चार वाजता आमच्या ओटीवर अगत्य यावे. येताना एक नारळ आणा."

रविवारी पावणेचारलाच फाटक वाजलं. मी बाहेर येऊन बघते तर आळीतल्या चार बायका काठपदराच्या साड्या नेसून, केसांत अबोलीचे वळेसर माळून उभ्या. प्रत्येकीच्या हातात नारळ, एकीच्या हातात जास्वंदीची परडी आणि उदबत्तीचा पुडा. त्यांच्यामागे दोन काका, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून. मागोमाग मावशी, आणि तिच्या आधाराने काठी टेकत तांडेल. बघता बघता सतरा माणसं आणि सतरा नारळ जमले. पहिलीने चपला काढल्या, ओटीवरच्या टेबलांकडे नवलाने बघितलं आणि मला विचारलं, "पूजा आत मांडलीस का गं?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! आईचं वर्षश्राद्ध उरकलेलं, पोर पुण्याहून कायमची परत आलेली, घरी बोलावणं, आणि वर "नारळ आणा". कुणी म्हणे सत्यनारायण, कुणी म्हणे पोरीने देवाला तोरण बोलली असेल, त्याला नारळ लागत असतील. निरोपात खेळाचा शब्दही नव्हता. चूक माझीच होती, पण त्यांच्या जागी मी असते तरी उदबत्ती घेऊनच आले असते.

मी तोंड उघडून काही सांगणार तेवढ्यात एका काकूने आत हाक मारली, "दादा, नारळ कुणाच्या हातात द्यायचा?" पूजेला आणलेला नारळ पाहुण्याने आपणहून जमिनीवर ठेवायचा नसतो, आणि आमच्याकडे तो पोरीबाळींनी घ्यायचा नसतो. घरच्या कर्त्याने दोन्ही हातांनी घ्यायचा. ते सगळे दाराकडे तोंड करून नारळ धरून उभे राहिले. आत काही हालचाल नव्हती. मला वाटलं, आता बाबा मागच्या दाराने वाडीत निघून जातील आणि या सतरा माणसांसमोर मी कायमची तोंडघशी पडेन.

मग दार उघडलं. बाबा धुतलेला सदरा घालून आले होते. गुंड्या एकेक घर वर लागल्या होत्या, म्हणजे त्या त्यांनी स्वतःच लावल्या होत्या. पहिल्या काकूने नारळ पुढे केला. बाबांनी दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. काकूने नारळ त्यांच्या हातात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. मग दुसरी पुढे आली, मग तिसरी. बाबांनी सतराही नारळ घेतले आणि एकेक करून टोपलीत ठेवले. कुणी त्यांना "तुम्ही बसा" म्हटलं नाही. कसं म्हणणार? ते बसले असते तर नारळ घेतला कुणी असता? त्या सगळ्यांची मी आजही ऋणी आहे, आणि त्यांनी त्या दिवशी काय केलं हे त्यांना अजूनही माहीत नाही.

आता मला खरं सांगणं भाग होतं. मी हात जोडले आणि सांगून टाकलं की पूजा नाही, खेळ आहे, नारळ जिंकण्या-हरण्यासाठी मागवले होते, निरोप लिहायला चुकले.  सगळ्यांआधी मावशी बोलली.

"म्हंजे परसाद न्हाय?"

"माणसं दारात आली आहेत," बाबा म्हणाले, आणि हा त्यांचा जुना आवाज होता, आळीच्या टोकापर्यंत जाणारा. "आत जा आणि शिरा कर."

"आणि खेळ?"

"तो मी सांगतो. तू शिरा कर."

सतरा माणसांचा शिरा म्हणजे थोडं काम नाही. रवा मंद आचेवर भाजावा लागतो, घाई केली की वास मारतो. मी चुलीशी उलथनं फिरवत उभी होते आणि ओटीवर माझा डेमो माझ्याशिवाय चालू होता. अकरा वर्षांत मी नियम सांगायची एक पद्धत बसवली होती. आधी जिंकायचं कसं ते सांगायचं, मग पाळी, मग बारकावे. बाबांनी तिच्या चिंधड्या उडवल्या. त्यांनी सुरुवातच केली, "रहाट होता तेव्हा पाण्याची पाळी कशी असायची, आठवतं ना?" अन् सगळे एकदम बोलायला लागले. कुणाच्या वाडीला पाणी शेवटी पोचायचं, कोण पहाटेच बांध फोडून पाणी आपल्याकडे वळवायचं, कुणाच्या सासऱ्याने कुणाला कुदळ दाखवली होती. नियम सांगून झाले कधी आणि खेळ सुरू झाला कधी, मला आत कळलंच नाही. रव्यावर मी साखर घातली की नाही, हेही मला नीट आठवेना, म्हणून चाखून बघितलं.

शिरा घेऊन बाहेर आले तर तीन टेबलांवर भलताच घोळ झाला होता. वाडीवाली माणसं दुसऱ्याचा पाट अडवायलाच तयार नव्हती! आडवी काडी हातात घ्यायची आणि परत ठेवून द्यायची. "शेजारणीचं पाणी कसं गं तोडू? उद्या तिच्या तोंडाकडे बघायचंय मला," एकजण मला म्हणाली. त्यामुळे सगळ्यांच्याच वाड्यांत पाणी पोचत होतं आणि नारळ जाग्यावर होते. पुण्यात मी असा डाव कधी पाहिला नव्हता. मला हसूही आलं आणि या माणसांविषयी फार मायाही वाटली.

चौथ्या टेबलावर मात्र वेगळं चाललं होतं. तिथे बाबा आणि त्यांच्यासमोर तांडेल. मावशीने नंतर मला सांगितलं ते असं. तांडेल काठी भिंतीला लावून बसला आणि म्हणाला, "वाडीवाल्या, बस समोर." बाबा म्हणाले, "माझा हात हलतो." त्यावर तांडेल म्हणाला, "होडी पन हलते. तू सांग, मी ठेवतो." बस, एवढंच. बाबा बोट दाखवायचे, तांडेल त्यांची काडी नेमकी तिथे ठेवायचा, मग स्वतःची ठेवायचा. आणि त्याला ना वाडी होती ना शेजारीण. तो बेधडक बाबांचा पाट अडवत होता. बाबांनी एक काडी चुकीची सांगितली, लगेच "थांब, थांब" म्हणाले, तर तांडेलने मान हलवली. "ठेवला तो ठेवला."

मी शिऱ्याची ताटली हातात घेऊन उभी राहिले. पट एका नजरेत वाचणं हे माझं कामच. बाबा चार चालींत हरणार होते. इतक्या महिन्यांनी माणसांत आले आणि भर ओटीवर सगळ्यांदेखत हरणार!  मी ताटली देण्याच्या निमित्ताने तांडेलच्या समोर गेले, डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, उजवीकडची जागा सोड म्हणून बोटानेही दाखवलं. तांडेलने माझ्याकडे नीट बघितलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "वाडीवाल्या, तुजी पोर माज्याकडं बगून डोलं का मिचकावते? मला हरायला सांगते काय?"

सगळी ओटी हसली. मावशी तर पदरात तोंड घालून हसली. बाबा तेवढे हसले नाहीत. पटावरून नजर न काढता ते म्हणाले, "तिला सवय आहे."

 बाबांना माहीत होतं.

चार चालींनी तांडेलच्या वाडीत पाणी पोचलं. बाबांनी टोपलीतून एक नारळ उचलला आणि थरथरत्या हातांनी त्याच्या समोर धरला. तांडेलने तो घेतला, कानाशी नेऊन हलवला, "पानी चांगला हाय," म्हणाला आणि पिशवीत टाकला. जाताना फाटकाशी थांबून त्याने मागे वळून विचारलं, "फुडच्या रविवारी?" बाबा म्हणाले, "चारला. उशीर करू नकोस."

सगळे गेल्यावर मी टेबलं आवरत होते. बाबा पायरीवर बसून उरलेला शिरा खात होते, चमच्याने, सांडत सांडत. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत? सहा महिने?"

"तुला बरं वाटत होतं," बाबा म्हणाले. "आई गेल्यापासून तू दुपारी तेवढी एक घटका हसायचीस. मोडू कशाला?"

मी पलीकडच्या टेबलाशी जाऊन उगाचच काड्या मोजत बसले. मी त्यांना सांभाळते आहे या भ्रमात होते आणि ते रोज दुपारी नको असलेले विजय मुकाट्याने गिळून मला सांभाळत होते. मला माझाच राग आला, मग रडू आलं, आणि रडून झाल्यावर भूक लागली. आम्ही दोघांनी मिळून पातेलं खरवडून शिरा संपवला.

त्यानंतर रविवार म्हणजे नारळ, हे ठरूनच गेलं. निरोप पाठवायची गरज उरली नाही. वाडीवाल्या बायकांनी आपला कायदा आपणच काढला: शेजाऱ्याबरोबर बसायचंच नाही, दुसऱ्या आळीतल्याबरोबर बसायचं, म्हणजे पाट बिनघोर अडवता येतो. कोळीवाड्यातून माणसं येऊ लागली, कारण दर्यावाल्यांना कुणाचंच पाणी तोडायला काही वाटत नाही. पर्यटक कुंपणावरून डोकावतात आणि नारळ कुठे विकत मिळेल असं विचारतात. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, स्थानिक खेळाडू कसे जमवलेस ते लिहून पाठव, दुसरीकडे उपयोगी पडेल. मी अजून लिहिलेलं नाही. पूजा सांगून माणसं बोलवा आणि शिरा करून खेळ दाखवा, असं लिहिलं तर ते मला वेड्यात काढतील.

तांडेलचे आभार मानायला मी एकदा मुद्दाम थेरोंड्याला गेले होते. सोबत शिऱ्याचा डबा नेला. तो दारात बसून जाळ्याची गाठ मारत होता. मी म्हटलं, "बाबा तुमच्यामुळे माणसांत आले, तुमचे उपकार आहेत." त्याने डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं. "उपकार कसलं? मी जिकलो. नारल मी आनला," म्हणाला, आणि डब्याचं झाकण उघडून साखर किती आहे ते बघायला लागला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. त्याच्या लेखी बाबा आजारी नव्हतेच कधी. एक जुना खेळाडू होता, ज्याने त्याला वर्षानुवर्षं हरवलं होतं, आणि त्याची फेड करायची संधी आयती चालून आली होती. मला अकरा वर्षांचं शिक्षण घेऊन जे देता आलं नाही, ते त्याने दोन वाक्यांत देऊन टाकलं आणि वर मोबदलाही घेऊन गेला. परत येताना रिक्षात मला त्याच्याविषयी इतकं भरून आलं की रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, बरं वाटत नाही काय?"

मग एका रविवारी तांडेल आला नाही. नातवाच्या साखरपुड्याला मुरुडला गेला होता. बाबांसमोरची जागा रिकामी होती. मी एका नव्या जोडप्याला नियम सांगत होते, तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"बस."

मी बसले.

"काड्या माझ्या मी सांगतो, तू ठेव. आणि हे बघ, पगाराशिवाय खेळ."

खोटं कशाला सांगू, मी घाबरले. मला हरता येत होतं, जिंकण्याची सवय मोडली होती. पहिल्या काही चाली मी कशाबशा खेळले. मग पट दिसायला लागला. बाबांचा पाट डावीकडून येत होता, झकास आखलेला, आणि त्यात एकच फट होती. पूर्वी अशा फटीकडे मी सफाईने दुर्लक्ष केलं असतं. मी आडवी काडी उचलली आणि माझ्या वडिलांचं पाणी तोडलं.

"अस्सं!" बाबा म्हणाले आणि पुढे सरकून बसले.

त्यांनी दुसरीकडून वाट काढली, मी ती अडवली. त्यांनी माझा पाट अडवायला लावला आणि मला माझ्या हातानेच माझं पाणी तोडावं लागलं.  शेवटी माझ्या वाडीत पाणी पोचलं तेव्हा त्यांचं एकाच काडीवर येऊन थांबलं होतं.

बाबांनी टोपलीतून नारळ उचलला. हात नेहमीसारखा थरथरत होता. पुढे होऊन तो पटकन धरावा असं माझ्या दोन्ही हातांना फार वाटलं. मी ते माझ्या बाजूलाच, उघडे ठेवून बसले. नारळ वाटेत दोनदा थांबला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी कुणाचं तरी पाणी तोडल्यावरून भांडण जुंपलं होतं, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग तो माझ्या हातात आला.

बाबा माझ्याकडे बघत होते, बराच वेळ, जसं एखाद्या नव्या माणसाकडे बघतात.

"चांगली खेळतेस की गं," ते म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."